चाहता लेखक झाला की दुरुस्तीचं बिल कोण भरतं?

१९८० साली मार्व्हलच्या 'एक्स-मेन' या सुपरहिरो कॉमिकच्या १३७व्या अंकात नायिका जीन ग्रे मेली. अंगात आलेल्या फिनिक्स नावाच्या शक्तीने बेभान होऊन तिने एक तारा गिळला होता आणि त्याच्याभोवतीच्या ग्रहावरचे पाच अब्ज जीव त्यात संपले होते. लेखक क्रिस क्लेअरमॉन्ट आणि चित्रकार जॉन बर्न या जोडीने आधी शेवट वेगळा केला होता: जीनची शक्ती काढून घ्यायची, तिला जिवंत ठेवायचं. मार्व्हलचा मुख्य संपादक जिम शूटर अडून बसला. पाच अब्ज जीव घेणारी बाई शेवटच्या पानावर घरी परत जाते, हे त्याला पटेना. शेवट बदलला. मूळ शेवटही पुढे १९८४ मध्ये स्वतंत्र अंक म्हणून छापला गेला, दोन्ही शेजारी ठेवून वाचण्यासारखे आहेत.

शूटरच्या भूमिकेतून एक अट आपोआप तयार झाली. जीनला परत आणायचं असेल, तर त्या संहाराचा डाग तिच्यावर राहता कामा नये. ही अट एखाद्या गणितासारखी सोडवली ती एका कॉलेजात शिकणाऱ्या चाहत्याने. त्याचं नाव कर्ट ब्युसिक. त्याचं उत्तर असं: १९७६ मधल्या शंभराव्या अंकाच्या शेवटी जीन अंतराळयान चालवत किरणोत्साराच्या वादळात शिरते. एकशे एकाव्या अंकात यान जमैका बे या खाडीत कोसळतं आणि पाण्यातून फिनिक्स वर येते. मधल्या वेळात काय झालं, ते कुणी काढलेलंच नाही. म्हणजे वर आली ती जीन नव्हतीच, तिचं रूप घेतलेली शक्ती होती. खरी जीन खाडीच्या तळाशी एका कोशात झोपलेली आहे, आणि तिने कुणाला मारलेलं नाही.

ब्युसिकने हे मार्व्हलचा लेखक रॉजर स्टर्न याला सांगितलं, स्टर्नने बर्नला. जानेवारी १९८६ ही तारीख असलेल्या 'अव्हेंजर्स' २६३ मध्ये स्टर्नने कोश सापडवला, 'फँटॅस्टिक फोर' २८६ मध्ये बर्नने तो उघडला आणि पुढच्याच महिन्याच्या 'एक्स-फॅक्टर' १ मध्ये जुने पाचही एक्स-मेन पुन्हा एकत्र आले. या नव्या मालिकेत पाचवी जागा आधी डॅझलर या दुसऱ्या नायिकेसाठी ठेवली होती, ती जीनला मिळाली.

युक्ती म्हणून हे अप्रतिम आहे. छापलेलं एकही पान खोटं ठरत नाही. पण आता जीनचा प्रियकर स्कॉट समर्सकडे बघा. १९८३ मध्ये, १७५व्या अंकात, त्याचं मॅडलिन प्रायरशी लग्न झालं होतं. २०१व्या अंकापर्यंत त्यांना मुलगाही झाला होता. 'एक्स-फॅक्टर'च्या पहिल्याच अंकात जीन जिवंत असल्याचा फोन येतो आणि हा मनुष्य बायकोला आणि तान्ह्या बाळाला सोडून निघून जातो. मालिकेचा नायक एका अंकात नालायक ठरला. हे निस्तरायला क्लेअरमॉन्ट आणि लुईस सायमन्सन यांना 'इन्फर्नो' ही मोठी कथा रचावी लागली. तिच्यात मॅडलिन ही मिस्टर सिनिस्टर या खलनायकाने बनवलेला जीनचा क्लोन निघाली, मग राक्षसी झाली, मग मेली. मुलाला १९९१ मध्ये भविष्यकाळात पाठवून दिलं, तो पुढे केबल नावाचा नायक झाला. जीनच्या माथ्यावरचा डाग पुसला गेला खरा, पण त्याचं बिल मॅडलिनच्या नावावर फाटलं. तिची चूक एवढीच की ती मधल्या काळात आली.

सुपरहिरो कॉमिक्समध्ये चाहते लेखक झाल्यावर काय होतं, यावर बोलताना बहुतेकदा दोनच सूर लागतात. एक, "हे लोक मनापासून प्रेम करतात, म्हणून मालिका टिकल्या." दुसरा, "यांनी सगळं जुन्या आठवणींत बुडवलं." दोन्ही थोडे थोडे खरे आहेत आणि दोन्हींचा उपयोग नाही. नुसता पाहुणा लेखक जुन्या कथेतलं न पटलेलं सोडून देतो. चाहत्याला ते सोडवत नाही, तो दुरुस्ती करतो. मालिकेची दिशा या दुरुस्त्यांमधून ठरते, आणि प्रत्येक दुरुस्तीचं बिल कुठल्या ना कुठल्या पात्राला भरावं लागतं. कोणाला, हे तपासलं की लेखक कसा आहे ते कळतं.

चाहत्यांचा शिरकाव वाटतो त्यापेक्षा जुना आहे. सुपरमॅनच्या दोन्ही निर्मात्यांनी, जेरी सीगल आणि जो शुस्टरने, स्वतःची विज्ञानकथांची हस्तपत्रिका काढली होती आणि १९३३ मध्ये तिच्यातच 'सुपरमॅन' हे नाव पहिल्यांदा आलं, तेही खलनायकासाठी. मार्व्हलची स्पर्धक कंपनी डीसी, तिचे ज्युलियस श्वार्ट्झ आणि मॉर्ट वायसिंगर हे दोन संपादकही त्याच विज्ञानकथांच्या चाहत्यांमधून आले. म्हणून की काय, १९६१ पासून श्वार्ट्झने वाचकांच्या पत्रांखाली पूर्ण पत्ते छापायला सुरुवात केली. या एका छोट्या निर्णयाने एकमेकांना न ओळखणारे वाचक एकमेकांना पत्रं लिहू लागले. त्याच वर्षी जेरी बेल्स या प्राध्यापकाने 'ऑल्टर इगो' ही हस्तपत्रिका सुरू केली. चाळीसच्या दशकातली जस्टिस सोसायटी परत आणा, म्हणून तो श्वार्ट्झच्या मागे लागलेलाच होता. ती पत्रिका पुढे रॉय थॉमस या इंग्रजीच्या शिक्षकाकडे गेली. १९६५ मध्ये थॉमस डीसीत नोकरीला आला, काही दिवसांतच मार्व्हलमध्ये गेला आणि १९७२ मध्ये स्टॅन लीच्या जागी मुख्य संपादक झाला.

त्याच्याच सुमारास तेरा वर्षांचा जिम शूटर 'लिजन ऑफ सुपर-हिरोज'च्या कथा स्वतः चौकटी आखून वायसिंगरला पाठवत होता. १९६६ मध्ये त्या छापून यायला लागल्या. मार्व्हलच्या अंकांत काय चालतं हे त्याने नीट अभ्यासलं होतं आणि ते उचलून डीसीच्या गोड गोड लिजनमध्ये आणलं. १९६७ मध्ये त्याने लिजनमधल्या फेरो लॅडला मारलं आणि मेलेला ठेवलं, त्या काळच्या डीसीत हे जवळजवळ घडतच नसे. जीनचा शेवट बदलायला लावणारा संपादक हाच. त्याला किंमत वसूल करायची सवय जुनीच होती.

थॉमसकडे जरा थांबायला हवं, कारण एका दुरुस्तीवर दुसरी कशी चढते हे त्याच्या पात्रावरून सगळ्यांत स्वच्छ दिसतं. १९६८ मध्ये त्याला 'अव्हेंजर्स'मध्ये १९४० मधला व्हिजन हा परग्रहावरचा नायक परत आणायचा होता. स्टॅन लीला हवा होता अँड्रॉइड. थॉमसने तोडगा काढला: नाव जुनं, यंत्र नवं. ५७व्या अंकात हा नवा व्हिजन आला.

१९७५ मध्ये स्टीव्ह एंगलहार्टने सांगितलं की व्हिजनचं शरीर म्हणजे १९३९ मधल्या पहिल्या ह्यूमन टॉर्चचंच शरीर. मार्व्हलच्या पहिल्या अंकातला अँड्रॉइड आणि आजचा अँड्रॉइड एकच, चाहत्याच्या मनाला याहून गोड काही नाही. १९८९ मध्ये 'वेस्ट कोस्ट अव्हेंजर्स'मध्ये बर्नने व्हिजनचे भाग सुटे केले, टॉर्च बनवणाऱ्या शास्त्रज्ञाकडून "हे माझं काम नाही" असं वदवलं आणि पन्नासाव्या अंकात मूळ टॉर्च जिवंत उभा केला. आता दोन्ही कथा छापलेल्या, दोन्ही अधिकृत, आणि एकमेकींना खोटं ठरवणाऱ्या. 'अव्हेंजर्स फॉरएव्हर' या बारा अंकांच्या मालिकेत ब्युसिकने (पुन्हा तोच) १९९९ च्या सुमारास त्याचाही निकाल लावला: इम्मॉर्टस या खलनायकाने काळाशी खेळून टॉर्चचे दोन केले, एकाचा व्हिजन झाला, एक टॉर्चच राहिला. दोन्ही लेखक बरोबर. तांत्रिकदृष्ट्या निर्दोष आहे, पण हे समजायला आधी चार वेगवेगळ्या दशकांतले अंक वाचलेले हवेत, ही या मालिकेची मोठी अडचण.

बर्नने एवढ्यावर थांबायला हवं होतं. १९८६ मध्ये एंगलहार्टने व्हिजन आणि त्याची जादूगार बायको वांडा यांना जुळी मुलं दिली होती, वांडाच्या जादूतून. यंत्राला मुलं कशी, हे बर्नला खटकलं. त्याने ती मुलं मेफिस्टो या सैतानाच्या आत्म्याचे तुकडे ठरवून पुसून टाकली आणि वांडाच्या आठवणीतूनही ती काढली. दोन अंकांत विसंगती साफ. पण एका आईची मुलंच नव्हती असं ठरवलं, याचे पैसे चुकते व्हायचे राहिले होते. २००४ मध्ये ब्रायन मायकल बेंडिसने नेमकं तेच खातं उघडलं: वांडाला मुलं आठवतात, ती कोसळते, अव्हेंजर्स फुटतात. २००५ च्या 'हाउस ऑफ एम'मध्ये ती तीन शब्द उच्चारते आणि जगातले जवळजवळ सगळे म्यूटंट, म्हणजे एक्स-मेनसारखे जन्मजात शक्ती असलेले लोक, आपली शक्ती गमावतात. म्हणजे 'एक्स-मेन'ची पुढची कित्येक वर्षं एका चाहत्याला सोळा वर्षांपूर्वी खटकलेल्या गोष्टीवर चालली. त्याच वर्षी सुरू झालेल्या 'यंग अव्हेंजर्स'मध्ये तीच मुलं विक्कन आणि स्पीड म्हणून परत आली, हे त्यातल्या त्यात बरं.

यातून दुरुस्तीचे नियम निघतात. छापलेलं पान खोटं ठरवू नये. दोन चौकटींच्या मधे जे काढलं गेलं नाही तिथे हात घालावा. एका खुलाशात एकाहून जास्त जुनी कोडी सुटली पाहिजेत, एकच सुटत असेल तर ते कोडं तसंच राहू दिलेलं बरं. आणि दुरुस्ती संपल्यावर नवीन कथा सुचली पाहिजे. ही शेवटची कसोटी बहुतेक दुरुस्त्या हरतात, कारण चाहत्याचं समाधान कोडं सुटताच होऊन जातं.

जेफ जॉन्सने 'ग्रीन लँटर्न: रीबर्थ'मध्ये (२००४-०५, सहा अंक) हे सगळं साधलं. ग्रीन लँटर्न म्हणजे अंगठीतून शक्ती मिळणारा हॅल जॉर्डन. १९९४ मध्ये त्याचं शहर बेचिराख झाल्यावर तो बिथरतो, लँटर्न कोअर ही अंगठीधाऱ्यांची फौज संपवतो आणि पॅरलॅक्स नावाचा खलनायक होतो, ही छापील हकीकत. जॉन्सने ती मोडली नाही. त्याने पॅरलॅक्सलाच एक वेगळा जीव केलं: भीतीचा, पिवळा, मुख्य बॅटरीत कोंडलेला. त्यासरशी हॅलच्या गुन्ह्याचा खुलासा झाला, अंगठी पिवळ्या रंगावर का चालत नाही हे कळलं, आणि नव्वदच्या दशकात हॅलच्या कानशिलावरचे केस पांढरे का झाले होते याचंही उत्तर मिळालं. तिसरं उत्तर पहिल्यांदा वाचताना हसू येतं. पण केसांसारखी बारीक गोष्ट हिशेबात धरणारा माणूस बाकीचं विसरणार नाही, हा विश्वासही तिथेच बसतो. शिवाय भीतीचा रंग पिवळा आणि इच्छाशक्तीचा हिरवा, तर मग बाकीचे रंग? त्या एका प्रश्नावर 'सिनेस्ट्रो कोअर वॉर' (२००७) आणि 'ब्लॅकेस्ट नाइट' (२००९-१०) उभे राहिले. बिल इथेही आलंच. दुःखाने खचलेल्या माणसाची गोष्ट अंगात काहीतरी शिरलेल्या माणसाची झाली. माझ्या मते १९९४ ची कथा घाईत उरकली होती तरी तिचा गाभा जास्त प्रामाणिक होता.

त्याच जॉन्सने 'द फ्लॅश: रीबर्थ' (२००९-१०) केलं तेव्हा स्वतःचाच नियम मोडला. फ्लॅश म्हणजे बॅरी अ‍ॅलन १९८५ मध्ये 'क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स'मध्ये मेला, तेव्हा १९७३ मध्ये जन्मलेला जॉन्स बारा वर्षांचा होता. छत्तिसाव्या वर्षी त्याने बॅरीला पुन्हा मुख्य फ्लॅश केलं. हे अंतर लक्षात ठेवा: दहा-बारा वर्षांच्या वयात काळजात बसलेली गोष्ट, पंचविशीत शिरकाव, पस्तिशीत शब्दाला वजन. जुन्या पात्राचं पुनरागमन वीस-तीस वर्षांनी होतं त्याचं कारण बहुतेक वेळा एवढंच असतं. थॉमसचंही तसंच. जस्टिस सोसायटीची मूळ मालिका १९५१ मध्ये बंद पडली, त्याने 'ऑल-स्टार स्क्वॉड्रन' १९८१ मध्ये सुरू केली.

बॅरीचा प्रश्न असा होता की तो सुखी माणूस होता. आईवडील धडधाकट, नोकरी बरी, बायको प्रेमळ. नव्या वाचकाला त्याच्यात धरायला काही नव्हतं. जॉन्सने रिव्हर्स-फ्लॅश या बॅरीच्या शत्रूला भूतकाळात पाठवून बॅरीच्या आईचा खून करवला आणि वडिलांना त्या आरोपात अडकवलं. इथे मोकळी जागा वापरलेली नाही, छापलेलं बालपणच बदललं आहे. एकदा तो दरवाजा उघडल्यावर बॅरी आईला वाचवायला मागे जाणार हे ठरलेलंच. तो गेला, त्याचं 'फ्लॅशपॉइंट' (२०११) झालं आणि त्याच सप्टेंबरपासून डीसीने सगळं विश्व ५२ नव्या पहिल्या अंकांनी पुन्हा सुरू केलं. त्यात वॉली वेस्ट गायब. वीसेक वर्षं फ्लॅश असलेला, आणि खुद्द जॉन्सने २००० ते २००५ उत्तम लिहिलेला वॉली. तो २०१६ मध्ये परतला, तेही जॉन्सच्याच हातून.

ही माणसं नवीन पात्रं का निर्माण करत नाहीत, असा प्रश्न यावर हमखास येतो. उत्तर प्रेमात कमी आणि करारात जास्त आहे. अमेरिकेचा १९७६ चा कॉपीराइट कायदा १९७८ पासून लागू झाला आणि त्याच वर्षी मार्व्हलने लेखक-चित्रकारांकडून काम कंपनीच्या मालकीचं असल्याचं लिहून घ्यायला सुरुवात केली. नवं पात्र दिलं तर ते कंपनीचं. मग शहाणा माणूस आपली उत्तम कल्पना स्वतःपाशी ठेवतो आणि कंपनीला तिच्याच जुन्या पात्राची दुरुस्ती करून देतो. १९९२ मध्ये सात नामवंत चित्रकार मार्व्हल सोडून इमेज ही स्वतःची कंपनी काढायला निघाले त्याच्या मुळाशी हेच. दुसरं कारण विक्रीचं. सत्तरच्या दशकात कॉमिक्स वर्तमानपत्रांच्या स्टॉलवरून हळूहळू खास दुकानांकडे गेली. स्टॉलवर चुकून हातात अंक घेणारा वाचक गेला, उरला तो मागचे दोनशे अंक जपून ठेवलेला. लेखक आणि वाचक एकाच साच्यातले झाले.

त्या वाचकाच्या हातात मार्क ग्रुएनवाल्डने १९८३ मध्ये पात्रांचा माहितीकोशही ठेवला. ग्रुएनवाल्ड कन्टिन्युइटीवर, म्हणजे सगळ्या कथांच्या आपापसांतल्या मेळावर, स्वतःची पत्रिका काढणारा चाहता, १९७८ पासून मार्व्हलमध्ये. त्याच्या 'ऑफिशियल हँडबुक'मध्ये प्रत्येक पात्र किती टन उचलू शकतं हे लिहिलेलं होतं. स्पायडर-मॅन दहा. आधी कथेला गरज पडेल तसा तो बळकट होई, आता अकरा टन उचलले की तक्रारीचं पत्र. ग्रुएनवाल्डला अडगळही खपत नसे. १९८६ मध्ये 'कॅप्टन अमेरिका' ३१९ मध्ये त्याने स्कर्ज नावाच्या मारेकऱ्याकरवी एका बारमध्ये जमलेले डझनाहून जास्त फुटकळ खलनायक एका झटक्यात संपवले. पात्रांची छाटणी म्हणून इतकं उघडं उदाहरण दुसरं नसेल. त्यांतल्या कित्येकांवर जीव असलेले चाहतेही होतेच, त्यामुळे काही जण पुढे परत आले.

एकाची दुरुस्ती दुसऱ्याचं घर पाडते, हेही याच काळातलं. 'क्रायसिस' लिहिणारा मार्व्ह वुल्फमनही हस्तपत्रिका काढणारा चाहता, आणि डीसीची अनेक विश्वं एकात आणायची म्हणून पीटर सँडरसनला जुने सगळे अंक वाचायला बसवलं होतं. विश्व एक झालं आणि थॉमसच्या 'ऑल-स्टार स्क्वॉड्रन'मधले चाळीसच्या दशकातले सुपरमॅन, बॅटमॅन आणि वंडर वुमन कधी नव्हतेच असं ठरलं. थॉमसने 'यंग ऑल-स्टार्स' काढून आयर्न मन्रो, फ्लाइंग फॉक्स आणि फ्युरी या तिघांना त्यांच्या जागी उभं केलं. रिकाम्या खुर्च्यांवर पाहुणे बसवल्यासारखी ती मालिका वाटते, आणि थोड्याच काळात ती आटोपली.

बिल स्वतःच्या हातून फाडावं लागलं ते गेल सिमोनला. १९९४ मध्ये हॅलच्या जागी आलेल्या नव्या ग्रीन लँटर्नच्या मैत्रिणीला मारून फ्रिजमध्ये कोंबलं होतं. १९९९ मध्ये सिमोनने नायकाला दुःख व्हावं म्हणून मारलेल्या, लुळ्या केलेल्या, शक्ती हिरावलेल्या स्त्री-पात्रांची यादीच केली. तेव्हा ती केशभूषेचा व्यवसाय करत होती. त्या यादीत बार्बरा गॉर्डन होती, १९८८ मध्ये जोकरने मणक्यात गोळी घातलेली बॅटगर्ल. मात्र बार्बराची एक दुरुस्ती आधीच होऊन गेली होती. किम येल आणि जॉन ऑस्ट्रॅन्डर यांनी १९८९ मध्ये तिला व्हीलचेअरवरची ऑरकल केलं, सगळ्या नायकांना माहिती पुरवणारी. छापलेली गोळी खरी, आणि बार्बरा आधीपेक्षा मोठी. २००३ पासून 'बर्ड्स ऑफ प्रे' लिहिताना सिमोनने ऑरकलला आणखी वर नेलं.

२०११ मध्ये नव्या पहिल्या अंकांसाठी डीसीने बार्बराला पुन्हा चालती, पुन्हा बॅटगर्ल करायचं ठरवलं, आणि लिहायला सिमोन. ऑरकल गेली की कॉमिक्समधली सर्वांत ठळक अपंग नायिका गेली, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. तिने गोळी पुसली नाही. या बार्बराला गोळी लागली होती, ती काही वर्षं व्हीलचेअरवर होती, मग बरी झाली. पहिल्या अंकाच्या शेवटी खलनायक पिस्तूल नेमकं तिच्या त्या जुन्या जखमेच्या जागी रोखतो. बॅटगर्लने झेप घ्यायची ती चौकट. ती जागची हलत नाही, आणि समोरच्या माणसाचा जीव जातो.